खालच्या पापणीचा ठराव

चंदनसारच्या नवनिधी सोसायटीच्या कार्यकारिणीने मार्चच्या सभेत तीन ठराव केले. पहिला लिफ्टच्या दुरुस्तीचा होता. दुसरा गच्चीत पापड वाळत घालताना पाण्याच्या टाकीचं झाकण वापरू नये असा होता. तिसरा सचिवांच्या उजव्या डोळ्याविषयी होता.

‘संस्थेचे मानद सचिव श्री. प्रल्हाद तोरस्कर यांनी आपल्या उजव्या डोळ्याच्या खालच्या पापणीची शस्त्रक्रिया, संस्थेस महापालिकेची वाढीव नळजोडणी मिळेपर्यंत पुढे ढकलावी, अशी ही सभा त्यांस विनंती करीत आहे.’ सूचक सौ. पिंकी राऊत, अनुमोदक श्री. जितेंद्र कदम. ठराव एकमताने मंजूर झाला. एकमतात तोरस्करांचंही मत आलं. तो लिहूनही त्यांनीच घेतला, कारण इतिवृत्त लिहिणं हे सचिवाचं काम. ‘पापणी’ हा शब्द संस्थेच्या इतिवृत्तात पहिल्यांदाच येत होता, म्हणून त्यांनी तो जरा सुटा काढला.

मग चहा झाला. तोरस्करांनी खिशातून बाटली काढून डोळ्यात दोन थेंब टाकले. तो डोळा पूर्ण मिटत नव्हता, झोपेतसुद्धा नाही. असाच उघडा राहिला तर बुबुळावर जखम होईल आणि नजर जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. हे कार्यकारिणीला ठाऊक होतं. पण टँकर हल्ली वेळेवर येतो हेही कार्यकारिणीला ठाऊक होतं.

घरी आल्यावर त्यांनी ठराव बायकोला वाचून दाखवला. जयवंतीबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी भाकरी उलटली, पुरती फुगू दिली आणि मग म्हणाल्या, “उद्या किडनी मागतील. तीही द्याल. फक्त ठराव नीट शुद्ध मराठीत पाहिजे.”

प्रकरण इथवर कसं आलं, ते सांगायला हवं.

तोरस्कर मुंबईत एका विमा कचेरीतून निवृत्त झाले, तेव्हापासून त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. दुःखाचा काही संबंध नव्हता. दोन्ही खालच्या पापण्या वयाने सैल पडून बाहेर कलंडल्या होत्या. आतला लाल भाग दिसायचा, आणि डोळ्यातलं पाणी नाकाकडे जाण्याऐवजी गालावर उतरायचं. ते रुमालाने पुसायचे. पुसताना पापणी खाली ओढली जायची. ओढली की आणखी सैल व्हायची.

मग ते नवनिधीत राहायला आले. या नव्या बिल्डिंगीत हे कुणाला ठाऊक नव्हतं. वार्षिक सभेत तोरस्कर थकबाकीदारांची नावं वाचायला उभे राहिले की तिसऱ्या नावाला त्यांच्या गालावर ओघळ यायचा. थकबाकीदार उठून त्यांना पाणी द्यायचे, पाठीवर हात ठेवायचे, आणि पैसे द्यायचे नाहीत. पिंकी राऊतच्या मुलीच्या लग्नाच्या व्हिडिओत तोरस्कर स्टेजजवळ उभे राहून अखंड रडताना दिसतात. नवऱ्या मुलाकडच्यांनी दोनदा विचारलं, हे गृहस्थ मुलीचे कोण.

“तोरस्कर, मोटर बंद करा. वरची टाकी भरून वाहतेय,” अध्यक्ष सुधाकर पाटकर लिफ्टमध्ये म्हणायचे. हा विनोद त्यांनी इतक्या वेळा केला होता, की लिफ्टमधल्या माणसांना त्याची सवय झाली होती.

विनोदाचं एक वेळ सोडा. खरी अडचण टँकरची होती. नळाचं पाणी पुरत नसे. चंदनसारच्या बऱ्याच बिल्डिंगींसारखी नवनिधीही टँकरवर जगत होती, आणि टँकरवाला परेश म्हात्रे नवनिधीला गाडी पाठवायचा ती सगळ्यांचं झाल्यावर. सकाळी सातची गाडी बाराला यायची. तोरस्कर त्याच्याकडे तक्रार घेऊन गेले होते. तक्रार अर्धी व्हायच्या आत डोळे वाहायला लागले, आणि परेशच्या माणसाने त्यांना खुर्ची दिली, सरबत दिलं आणि रिक्षात बसवून घरी पाठवलं. गाडी बारालाच येत राहिली.

“तुमचा चेहराच असा आहे,” पिंकी राऊत म्हणाली. ती महिला प्रतिनिधी म्हणून कार्यकारिणीत होती आणि तिला मनात ठेवायची सवय नव्हती. “समोरच्याला वाटतं, याचं आधीच खूप वाईट झालंय, अजून पाच तासांनी काय फरक पडतो.”

त्या रात्री तोरस्करांनी ऑपरेशन करायचं ठरवलं.

डॉक्टर ॲनिशा लोपीस यांचा दवाखाना वसईत, पापडीच्या अलीकडे होता. त्या पापण्यांच्याच शस्त्रक्रिया करत. चाळिशीच्या होत्या, मोजकं बोलायच्या. त्यांनी तोरस्करांची खालची पापणी चिमटीत धरून पुढे ओढली आणि सोडली. ती जागेवर परत गेली नाही. डोळ्यासमोर लोंबत राहिली. तोरस्करांनी डोळे मिचकावल्यावर मग ती कशीबशी चिकटली.

“जुन्या लेंग्याचं इलॅस्टिक,” जयवंतीबाई म्हणाल्या.

“तसंच,” डॉक्टर म्हणाल्या. “बाहेरच्या कोपऱ्यात छोटा काप घ्यायचा, पापणीचं सैल टोक सोडवायचं, जास्तीचं कापायचं आणि उरलेलं हाडावरच्या अस्तराला टाक्याने घट्ट बांधायचं. नवं इलॅस्टिक घालायचं नाही. जुनंच आखूड करायचं.”

मग त्यांनी काय काय बिघडू शकतं ते सांगितलं. सूज, काळंनिळं होणं, टाक्याशी गाठ, दोन डोळ्यांत थोडा फरक. क्वचित डोळ्यामागे रक्तस्राव, त्यात तासाभरात नजर जाऊ शकते. म्हणून रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर आधी सांगा. तोरस्करांची चालू नव्हती.

“आणि एक तुमच्यापुरतं,” डॉक्टर म्हणाल्या. “तुमचे डोळे मुळात पुढे आलेले आहेत. पोट सुटलेला माणूस पट्टा आवळतो तेव्हा काय होतं? पट्टा पोटावर राहत नाही. पोटाखाली सरकतो. जितका आवळाल तितका खाली. तुमच्या डोळ्याला मी पापणी फार आवळली तर ती बुबुळाखाली घसरेल. म्हणून कोपरा जरा वर बांधीन आणि थोडी ढिली ठेवीन. एकदम तरुण दिसायची अपेक्षा ठेवू नका.”

इथेच थांबायला हवं होतं. पण तोरस्कर सोसायटीचे सचिव होते. बिल्डिंगला रंग काढायला परांची बांधली तेव्हा त्याच परांचीवरून त्यांनी पाइपांची गळती, खिडक्यांवरचे छज्जे आणि पिंपळाची रोपं अशी तीन कामं उरकून घेतली होती. अजून ती गोष्ट निघाली की त्यांचा चेहरा उजळत असे.

“डॉक्टर,” ते म्हणाले, “भूल देताच आहात, तर डोळ्यांखालच्या या पिशव्याही काढून टाका. पुन्हा कुठे वेगळं करत बसायचं.”

“नको,” डॉक्टर म्हणाल्या. “तिथली कातडी काढली की खाली ओढ लागते. तुमच्या डोळ्याला ते चालणार नाही.”

“थोडीशी.”

“नको म्हटलं ना.”

“परांची बांधलीच आहे,” तोरस्कर म्हणाले.

डॉक्टरांना परांचीचा अर्थ जयवंतीबाईंनी समजावून सांगितला. तोरस्कर आणखी दोनदा आले आणि दोन्ही वेळा तेच बोलले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. शेवटी डॉक्टर हो म्हणाल्या. कातडी फार नाही, नखभर काढीन म्हणाल्या, आणि तेवढीच काढली. पुढे त्या एकदा जयवंतीबाईंना म्हणाल्या, की नखभरही काढायला नको होती, नाही म्हटलं होतं त्यावर टिकायला हवं होतं. त्यांनी हे दुसऱ्या कुणावर ढकललं नाही.

सूज उतरली तशी एका सकाळी जयवंतीबाई चहा देता देता थांबल्या.

“असं काय बघताय?”

“कसं?”

“मी तुमचं काहीतरी चोरल्यासारखं.”

तोरस्कर आरशासमोर गेले. डोळ्यांतलं पाणी थांबलं होतं. पापण्या डोळ्यांना घट्ट लागल्या होत्या. पण काळ्या बुबुळाच्या खाली पांढऱ्याची पट्टी दिसत होती, डाव्या डोळ्यात बारीक, उजव्यात चांगली रुंद. आतून व्रण आवळत गेला होता आणि त्याने पापणी खाली धरून ठेवली होती. तोरस्करांना कसला राग आला नव्हता. आरशातल्या माणसाला आला होता.

डॉक्टरांनी सांगितलं, घाई करायची नाही. बोटाने पापणी खालून वर दाबत मालिश करा, दिवसा थेंब, रात्री मलम, आणि झोपताना पापणी वर ओढून चिकटपट्टी लावा. व्रण मऊ पडायला काही महिने लागतात. नाहीच सुधारलं, तर व्रण सोडवून आतून टाळूच्या अस्तराचा एक तुकडा आधाराला लावायचा. “टाळू म्हणजे तोंडातला?” जयवंतीबाईंनी विचारलं. “तोंडातलाच,” डॉक्टर म्हणाल्या. “ओलसर आणि कडक. तिथे तसंच काहीतरी लागतं.”

डावा डोळा मालिशीने बराचसा वर आला. उजवा आला नाही.

ऑपरेशननंतर तोरस्कर पहिल्यांदा खाली उतरले त्या दिवशी वॉचमन शत्रुघ्न खुर्चीतून उठून उभा राहिला. गेल्या चार वर्षांत तो कुणासाठी उठला नव्हता. जितेंद्र कदम दुसऱ्याच्या जागेत गाडी लावून वर जात होता. तोरस्करांनी सहज तिकडे पाहिलं. तो मागे आला, म्हणाला, “काढतो काका, दोन मिनिटांसाठीच लावली होती,” आणि त्याने गाडी काढली. दोन थकबाकीदारांनी आपण होऊन चेक आणून दिले. भाजीवाल्या बाईने मागितल्याशिवाय कोथिंबीर टाकली. बाराच्या टँकरची वाट पाहत ते गेटवर उभे राहिले, तर ड्रायव्हरने त्यांच्याकडे दोनदा वळून पाहिलं.

आणि त्याच आठवड्यात टँकर सकाळी सातला आला.

दुसऱ्या दिवशीही आला. तिसऱ्या दिवशी तोरस्कर मुद्दाम गेटवर जाऊन उभे राहिले. ड्रायव्हरने त्यांच्याकडे पाहिलं, नजर खाली घातली आणि न बोलता पाइप जोडला. नवनिधीच्या आठवणीत टँकरचा ड्रायव्हर पहिल्यांदाच न बोलता काम करत होता.

पाटकरांनी लिफ्टमधला विनोद बंद केला. “तोरस्कर,” ते म्हणाले, “तुम्ही फक्त गेटवर उभे राहत जा. बोलू नका. बोललात की सगळं जातं.”

तोरस्करांनी ते मनावर घेतलं. ते रोज सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून गेटवर उभे राहू लागले. रस्त्याचं काम चालू होतं, धूळ उडायची. डॉक्टरांनी काळा चष्मा घालायला सांगितला होता. तो ते खिशात ठेवायचे. चष्म्याआडून काय दिसणार.

जयवंतीबाईंना सगळं दिसत होतं. लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती. कचेरीत साहेबाने फाइल फेकली तर उचलून आणणारा माणूस आता जिना उतरताना खाकरत होता. रिक्षावाल्याने पत्ता विचारला तर उत्तर देण्याआधी थोडं थांबत होता. रात्री मात्र त्याच माणसाच्या उघड्या पापणीत मलम भरायचं काम त्यांचं होतं. दिवा मालवला तरी उजव्या डोळ्याची पांढरी फट अंधारात दिसायची. त्या कूस बदलून झोपायच्या.

फेब्रुवारीत डॉक्टरांनी डोळ्यात पिवळं औषध घातलं आणि निळ्या दिव्याखाली पाहिलं. बुबुळाच्या खालच्या भागात हिरवे ठिपके चमकले.

“कोरडं पडतंय,” त्या म्हणाल्या. “थांबायचं ठरलं होतं, पण आता थांबायचं नाही. ठिपके एकत्र आले की जखम होते. जखमेत जंतू गेले की काही दिवसांत नजर संपते. या महिन्यात करून टाकू.”

“नजर जाईल म्हणजे अंधूक होईल का?”

“जाईल म्हणजे जाईल.”

तोरस्करांनी हे मार्चच्या सभेत कार्यकारिणीच्या कानावर घातलं. सुट्टी मागावी तसं घातलं. मग पाटकर म्हणाले, ऑपरेशननंतर चेहरा पहिल्यासारखा होणार का? तोरस्कर म्हणाले, डॉक्टरांचा प्रयत्न तोच आहे. पिंकी म्हणाली, “उन्हाळ्याच्या तोंडावर?” जितेंद्र म्हणाला, नळजोडणी मेच्या शेवटी नक्की मिळतेय, त्याच्या साडूच्या ओळखीचा माणूस पालिकेत आहे. मग तो ठराव झाला.

तोरस्करांना नाही म्हणता आलं असतं. त्यांच्या तोंडाशी आलंही होतं. पण बारा माणसं आपल्या एका डोळ्यासाठी अजिजीने बोलतायत, हे त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं. त्यांनी विनंती मान्य केली.

एप्रिल लागला तसा डोळा लाल राहू लागला. उजेड खुपायचा. वाळू गेल्यासारखं टोचायचं आणि थेंबाने तात्पुरतं बरं वाटायचं. जयवंतीबाई त्यांना धरून डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. डॉक्टरांनी पाहिलं, आणि या वेळी त्या तोरस्करांशी बोलल्याच नाहीत. जयवंतीबाईंशी बोलल्या. “खाली एक ओरखडा आहे. अजून वरवरचा. दर तासाला औषध घाला. यांना समजवा, मी समजवून थकले.”

“मला कुठे ठराव करता येतो,” जयवंतीबाई म्हणाल्या.

त्यानंतर दोन दिवसांनी टँकर आलाच नाही. साडेनऊला पाटकर आणि पिंकी वर आले. तोरस्कर अंधाऱ्या खोलीत डोळ्यावर ओला रुमाल ठेवून पडले होते.

“फोन उचलत नाही तो परेश,” पाटकर म्हणाले. “तुम्हाला जावं लागेल.”

“त्यांना बरं नाहीये,” जयवंतीबाई म्हणाल्या.

“वहिनी, बोलायचं काही नाही. नुसतं समोर जाऊन बसायचं,” पाटकर म्हणाले. पिंकी पुढे म्हणाली, “रिक्षा मी सांगून ठेवलीय. खाली उभीय.”

तोरस्कर उठले. शर्ट बदलला. जयवंतीबाईंनी काळा चष्मा त्यांच्या हातात दिला आणि दार लावून घेतलं.

परेश म्हात्रेची विहीर गावाच्या मागे, डोंगराकडे होती. विहिरीवर तीन मोटारी, बाजूला टँकरची रांग, आणि एका पत्र्याच्या केबिनमध्ये परेश. वय पस्तीस असेल. वडील भातशेती करायचे, याने पाणी विकायला काढलं होतं. आज मोटार जळाली होती आणि तो फोनवर कुणाला तरी शिव्या देत होता. तोरस्कर आत येऊन समोरच्या खुर्चीत बसले. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि परेशकडे पाहिलं. उजव्या डोळ्यात कळ गेली. ते तसेच पाहत राहिले.

परेशने फोन बंद केला. तो उठला आणि त्याने टेबलफॅनचं तोंड भिंतीकडे फिरवलं.

“वारा लागत असंल,” तो म्हणाला. “त्या डोल्याला वारा चालत नाय. चष्मा घाला काका.”

तोरस्करांनी चष्मा घातला नाही.

“मोटार जललीय. दुपारी नवी येतेय. आली की पयली गाडी तुमचीच. तुम्ही कशाला आलात उन्हात? फोन करायचा.”

“फोन तुम्ही उचलत नाही.”

“तुमचा नंबर नव्हता माज्याकडं. त्या पाटकरांचा नाय उचलत.” परेशने खुर्ची जवळ ओढली आणि त्यांचा डोळा अगदी जवळून पाहिला, आंबा पिकलाय का बघतात तसा. “लाल झालाय. रातचा मिटतो?”

“नाही.”

“आमच्या आयचा पन नाय मिटायचा. तिला लकवा मारला ना, अर्धा चेहरा गेला, डोला उघडा रायला. डॉक्टर बोलले होते, झाकून ठेवा, मलम घाला. कोन घालतंय. पावसात भाताची आवनी करायला गेली शेतात, चिखल उडाला असंल, काय ठाऊक. आदी असाच लाल झाला. मग फूल पडलं बुबुलावर, पांढरं. मग तो डोला गेलाच. आता एकाच डोल्यानं टीव्ही बघते.”

त्याने टेबलावरचा चष्मा तोरस्करांकडे सरकवला.

“तुम्ही गेटवर उभं होता तवा माज्या ड्रायव्हरनं मला फोटू दाखवला. लपून काढलेला, रागावू नका. मी बघितलं आनि बोललो, अरे, हा तर आयचाच डोला. त्याला सांगितलं, नवनिधीला पयली गाडी लावायची. आनि तितं बडबड करायची नाय, पाइप लावायचा, सोडायचं, निघायचं. म्हातारा मानूस धुलीत उभा असतो, लवकर घरी जाऊं दे त्याला.”

बाहेर कुणीतरी रिकाम्या टँकरवर हातोडी मारत होतं.

“म्हणजे तुम्ही,” तोरस्कर म्हणाले आणि थांबले. “तुम्ही घाबरत नव्हता?”

“कोनाला?” परेशने विचारलं. त्याला खरंच कळलं नव्हतं.

तोरस्करांनी चष्मा उचलला आणि घातला.

“तुमच्या आईंचं फूल पडलं,” त्यांनी विचारलं, “लाल झाल्यावर किती दिवसांनी?”

“दिवस कुटं मोजले. तांदूल लावायला सुरुवात झाली तवा लाल होता. लावनी संपली तवा दिसत नव्हतं.”

परेशने त्यांना स्वतःच्या गाडीतून घरी सोडायला माणूस दिला. तोरस्कर नवनिधीला उतरले नाहीत. वसईला चला म्हणाले. वाटेत त्यांनी जयवंतीबाईंना फोन केला आणि सांगितलं, की दोन जोडी कपडे आणि डोळ्याची फाइल घेऊन दवाखान्यात ये. जयवंतीबाईंनी का ते विचारलं नाही. त्या तासाभरात पोहोचल्या. फाइल, कपडे आणि डब्यात मऊ भाताची खिमटी घेऊन आल्या होत्या. टाळूला जखम झाली की गरम तिखट चालणार नाही, हे त्यांनी डॉक्टरांना फेब्रुवारीतच विचारून ठेवलं होतं.

“आधी ओरखडा भरू दे,” डॉक्टर म्हणाल्या. “आज कापणार नाही. आज वरची आणि खालची पापणी कोपऱ्यात एका टाक्याने तात्पुरती जोडते, म्हणजे डोळा झाकलेला राहील. भरला की मोठं काम.”

कार्यकारिणीला सांगणं भाग होतं. पुढल्या रविवारी तोरस्कर पट्टी बांधून सभेला गेले. ठराव मोडल्याबद्दल त्यांनी दिलगिरी व्यक्त केली. डॉक्टरांचा निरुपाय झाला, म्हणाले.

“मग टँकरचं काय?” पिंकीने विचारलं.

“येईल.”

“कशावरून?”

केबिनमधलं सगळं सांगून टाकायला दोन मिनिटंही लागली नसती. तोरस्करांनी खोलीतल्या माणसांकडे एका डोळ्याने पाहिलं. शत्रुघ्न चहाचा ट्रे घेऊन दारात सरळ उभा होता.

“मी त्याच्याशी बोलून आलोय,” ते म्हणाले.

कुणी पुढे काही विचारलं नाही. पाटकरांनी हळूच शेजाऱ्याला सांगितलं, की केबिनमध्ये काय झालं असेल देव जाणे, त्या दिवशी दुपारपासून दोन गाड्या जास्त आल्या. जयवंतीबाईंना तोरस्करांनी घरी गेल्यावर खरं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “आईचं नाव विचारायचं होतं त्याच्या. एकदा भेटायला जाऊ.”

ओरखडा भरला. तो भरला तिथे बारीक धुरकट ठिपका राहिला, बाहुलीपासून दूर. नजरेला काही होणार नाही, डॉक्टर म्हणाल्या, थोडक्यात निभावलं.

मोठ्या शस्त्रक्रियेला भूल जागेपुरतीच होती. तोरस्कर जागे होते. टाळूचा तुकडा काढला, तेव्हा तोंडात रक्ताची आणि लवंगेची चव आली. मग बराच वेळ डोळ्याखाली काहीतरी ओढल्याचं नुसतं कळत होतं. मध्येच डॉक्टरांनी त्यांना टेबलावर उठवून बसवलं. निजल्यावर पापणी वेगळी दिसते, बसल्यावर वेगळी. “समोर बघा,” त्या म्हणाल्या. तोरस्करांनी पाहिलं. डॉक्टर आणि नर्स दोघी त्यांच्या डोळ्याकडे पाहत होत्या, मोजपट्टीने मोजत होत्या.

“डॉक्टर,” तोरस्कर बोबड्या आवाजात म्हणाले, “थोडंसं ठेवता येईल का?”

“काय?”

“ते पांढरं. अगदी थोडं.”

डॉक्टरांनी नर्सकडे पाहिलं. मग त्यांनी तोरस्करांना परत आडवं केलं आणि आणखी एक टाका घातला.

खालच्या पापणीतून घेतलेला धागा वर ओढून त्यांनी कपाळाला चिकटवला, म्हणजे पापणी वर ताणलेली राहील. वरून पट्टी. तोरस्कर आठवडाभर थंड खिमटी आणि ताक यांवर राहिले. टाळू दुखत असल्यामुळे बोलायचं नव्हतंच. पाटकर शहाळं घेऊन आले. पिंकी येऊन बसली आणि तिने सांगितलं, की टँकर सातलाच येतोय आणि गेटवर कुणीच उभं नसतं. हे असं का, याची सोसायटीत बरीच चर्चा होती. पाटकरांचं मत असं, की धाक एकदा बसला की बसला. तोरस्करांनी मान हलवली. ती होकाराची होती की नाही ते पट्टीमुळे समजलं नाही.

आठवड्याने वसईला पट्टी उघडली. डॉक्टरांनी धागा काढला, कोमट पाण्याने पापण्या पुसल्या आणि जयवंतीबाईंना पुढे बोलावलं. खाली सूज होती, निळसर डाग होता. बुबुळाच्या खाली पापणी बेतानेच टेकली होती. पांढरं दिसत नव्हतं. चेहरा म्हाताऱ्या, दमलेल्या, सभ्य माणसाचा होता.

“आता मिटा,” डॉक्टर म्हणाल्या. “हळू. जोर लावायचा नाही.”

तोरस्करांनी डोळे मिटले. डॉक्टरांनी टॉर्च घेऊन उजव्या पापणीच्या कडेने या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. मग पुन्हा एकदा पाहिलं.

“फट नाही,” त्या म्हणाल्या. “पूर्ण मिटला.”

जयवंतीबाईंनी पदराने आपला चष्मा पुसला.

“उघडा आता.”

तोरस्करांनी उघडले नाहीत. बाहेर नर्सने पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं. कुणाची तरी चप्पल वाजली. डॉक्टरांनी टॉर्च बंद करून खिशात ठेवला.

“दुखतंय का?” त्यांनी विचारलं.

“नाही,” तोरस्कर म्हणाले. “दोन मिनिटं असंच राहू दे.”

डॉक्टरांनी दाराकडे पाहून पुढच्या पेशंटला हाताने थांबायची खूण केली.